मेलेली बाटली

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहा झाल्यावर एकेकाला फोन लावून सगळ्यांच्या तब्येती विचारल्या. मंडळातल्या फोटोवाल्यांना म्हटलं, गुडघे काय म्हणतात? म्हणाले, "गुडघे आहेत तिथेच आहेत, जिनाच उंच झालाय." नर्सबाईंना म्हटलं, रक्तदाब? "तुमचा फोन वाजला की चढतो दादा, ठेवला की उतरतो." मुलगा फिरतीवर, त्याचं पोट बाहेरच्या खाण्याने बिघडलेलं, ते नेहमीचंच. सूनबाई समोरच होती. तिची पाठ दुखते, पण विचारलं की "काही नाही बाबा" म्हणते आणि ओट्याला टेकते. माझं कुणी विचारलं नाही, म्हणून इथेच लिहून ठेवतो: ठणठणीत. जेवणाला तेवढी चव लागत नाही हल्ली. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितल्यापासून सूनबाई भाजीला मीठ लांबूनच दाखवते, त्याला मी काय करणार?

फोन करायला कारण होतं. रसायन परिषदेचं पत्र आलंय. शाळांमधून, वस्त्यांमधून फुकट रसायन शिकवणारे जे स्वयंसेवक आणि लहानसहान मंडळं आहेत, त्यांचा परिषद यंदा गौरव करणार आहे. आमच्या शनिवारच्या मंडळाचं नाव विचारात आहे म्हणे. बावीस तारखेला दोन निरीक्षक आमचा तास बघायला येणार.

गौरवाची हाव नाही. या वयात पितळी पाटी घेऊन काय चाटायची आहे? पण शाळाखात्याने नवा नियम काढलाय. ज्या मंडळाला परिषदेची मान्यता नाही, त्याने यापुढे रसायनाची बाटली घेऊन शाळेच्या फाटकाच्या आतही यायचं नाही. म्हणजे गौरव मिळाला तर मान्यता, आणि मान्यता मिळाली तर शनिवार. नाहीतर आम्ही तिघं घरात बसून भिंती बघणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

परिषदेला मंडळाची माहिती हवी आहे. कागद घेऊन बसलो, पण काय लिहायचं? मी गिरणीच्या रंगखात्यात होतो. शाळा अर्ध्यात सुटलेली. रसायन शिकलो ते टाकीवर उभं राहून, मग रद्दीतून आणलेल्या पुस्तकांतून. नुसत्या वासावर सांगायचो, कुठल्या टाकीतला रंग तयार होऊन ती उतरायला आली. मुकादम म्हणायचा, "याचं नाक गिरणीच्या मालकीचं आहे, पगार त्यालाच द्या." नर्सबाई हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या आणि फोटोवाल्यांची अंधारखोली बंद पडली, तेव्हा आम्ही तिघं एकत्र आलो. प्रत्येकाला कशाच्या ना कशाच्या बाटल्या हाताळायची सवय होती आणि ती सुटत नव्हती. एवढंच.

मंडळाचा नियम मात्र नीट लिहिला. मुलांसमोर जाणारी प्रत्येक बाटली आधी दोघांनी हुंगायची. नाक खुपसायचं नाही. बाटली लांब धरायची आणि हाताने वारं घालून वास आपल्याकडे ओढायचा. दोघांचं पटलं तरच बाटली टेबलावर. नाही पटलं तर माझं नाक धरायचं, हे मी नाही, त्या दोघांनीच ठरवलंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दूध करपलं. मी स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसलो होतो. सूनबाई गच्चीवरून धावत आली. "बाबा, खालच्या मजल्यावरचे लोक विचारतायत कुणाचं काय जळलं, आणि तुम्ही गॅससमोर बसलाय!"

म्हटलं, बातमी तशीच होती. काय बातमी होती ते मात्र तिने विचारल्यावर सांगता आलं नाही. पातेलं घासताना ती माझ्याकडे वळून वळून बघत होती. एवढं काय, दूधच होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फोटोवाल्यांशी वाजलं. आमच्या घरच्या कपाटातली अमोनियाची बाटली आज उघडली, तर मेलेली! काही म्हणजे काही वास नाही. हाताने ओढून बघितलं, मग नियम मोडून नाक जवळ नेलं, तरी पाणी हुंगल्यासारखं. नाक जरा चुरचुरलं आणि डोळ्यांतून तेवढं पाणी आलं, पण ते थंडीने आणि नव्या चष्म्याने हल्ली होतंच. फोटोवाल्यांना म्हटलं, "झाकण सैल ठेवलंत ना? सगळा वायू उडून गेला."

ते म्हणाले, "अहो रंगारी, मी पलीकडच्या खोलीत आहे आणि मला इथे ठसका लागतोय."

"तुम्हाला ठसका सुपारीचा लागतो."

"सुपारी सोडून वर्ष झालं मला!"

नर्सबाईंनी येऊन बाटली हातात घेतली. हुंगली. मान झटकन मागे घेतली, माझ्याकडे बघितलं, फोटोवाल्यांकडे बघितलं. मला वाटलं, आता या वाद घालणार. पण म्हणाल्या, "दादा म्हणतायत तर असेल. नवी आणू." फोटोवाले काहीतरी बोलणार होते, बाईंनी त्यांना चहा करायला पाठवलं.

नियम तो नियम.

१५ फेब्रुवारी, शनिवार

छान झाला तास. जांभळ्या कोबीच्या पाण्यात लिंबू पिळलं की ते लाल होतं आणि सोडा टाकला की निळं-हिरवं. हे शंभरदा केलंय, पण मुलं ओरडतात तेव्हा मीही मनातल्या मनात ओरडतो. एक मुलगा म्हणाला, "आजोबा, तुमच्या कपाटात अजून किती जादू आहे?" म्हटलं, "जादू नाही रे, स्वयंपाक आहे, फक्त खायचा नाही."

एक गोष्ट खटकली. नवी आणलेली अमोनियाची बाटलीही मला मिळमिळीत वाटली. हल्ली दुकानदार सगळेच चोर. मी तसं म्हटल्यावर बाई ती बाटली घेऊन नळाकडे गेल्या. विचारलं कशाला, तर म्हणाल्या, "बाहेरून ओली झालीय, पुसून आणते." पुसायला नळ सोडावा लागतो होय? या हॉस्पिटलवाल्यांना स्वच्छतेचं वेड असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या निरीक्षक. ठरलंय की वासाचा धडाच दाखवायचा. तो आमचा हातखंडा. वर्गाच्या पुढे टेबलावर बशीत कापूस ठेवायचा, त्यावर पातळ अमोनिया ओतायचा. मुलांनी डोळे मिटून बसायचं आणि वास आला की हात वर करायचा. आधी पहिल्या रांगेतले हात वर जातात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. वास कसा पसरत जातो ते डोळ्यांना दिसतं. मी पुढे उभा राहून ते बघतो, दरवेळी.

बाई म्हणाल्या, बाटली त्या घरूनच पातळ करून आणतील, मी त्यात पडू नये. "दादा, तुम्ही फक्त बोला. बोलणं तुमचं, बाटल्या माझ्या." म्हटलं, म्हातारपणी कामं वाटून घेतलेली बरी. तरी आपली असावी म्हणून दुकानातली, पातळ न केलेली बाटली मीही पिशवीत टाकलीय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

बाईंनी बाटली शाळेच्या मागच्या खोलीत ठेवली आणि त्या निरीक्षकांना आणायला फाटकाशी गेल्या. मी सहज बाटली उघडून बघितली. पाणी! अक्षरशः पाणी. परिषदेचे लोक समोर बसणार, मुलं डोळे मिटून बसणार आणि एक हात वर जाणार नाही. म्हणून पिशवीतली बाटली काढली आणि अंदाजाने त्यात ओतली. रंगाऱ्याचा हात, अंदाज चुकत नाही. बाईंना सांगायला वेळ नव्हता, आणि त्यांना वाईटही वाटलं असतं.

बशीत ओतलं. हात वर गेले, पण रांगेने नाही, सगळे एकदम. मग हात तोंडावर गेले. मग मुलं उठून पळायला लागली. खिडक्या बंद होत्या, कारण वारं नको म्हणून मीच लावून घेतल्या होत्या. दोघा निरीक्षकांपैकी ज्या बाई होत्या त्यांनी पदर नाकाशी धरून खिडक्या उघडल्या. मला कळेना, एवढं काय झालं? मी बशीच्या सर्वांत जवळ होतो. डोळे चुरचुरत होते, घसा जरा खवखवत होता, बाकी काही नाही. मला वाटलं एकाने नाटक केलं आणि बाकीची मागे लागली. पण खिडकीजवळची बारकी मुलगी श्वास ओढत होती, नुसती ओढत होती, आणि तिचे ओठ निळसर झाले होते. तिला दमा आहे. नर्सबाईंनी तिला उचललं आणि व्हरांड्यात नेलं. मग हॉस्पिटलची गाडी आली.

परत आल्यावर बाईंनी मला एकच विचारलं, अगदी हळू: "दादा, बाटलीत काही घातलंत?"

म्हटलं, "थोडंसं. मेलेलीच होती ती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. असं बघणं मी हॉस्पिटलातच पाहिलंय, डॉक्टर बाहेर येऊन बोलायच्या आधी. मग त्या सरळ निरीक्षकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "बाटली मी घरून भरून आणली होती. पातळ करताना माझं माप चुकलं. यांचा काही संबंध नाही."

२४ फेब्रुवारी, सोमवार

मुलगी बरी आहे, आज शाळेत गेली. फाटकाशी उभं राहून बघून आलो.

विचार केला. पाण्यासारख्या बाटलीत मी जरासं ओतलं तर एवढं होणार नाही. म्हणजे बाईंचंच माप कुठेतरी चुकलं असणार, त्या म्हणतात तेच खरं. चूक कोणाकडूनही होते. आपण मोठे, आपण पोटात घालावी. फोन करून तसं सांगणार होतो. उचलला नाही.

५ मार्च, बुधवार

परिषदेचं पत्र. मंडळाची निवड झाली! निरीक्षकांनी लिहिलंय की अपघात झाला तरी स्वयंसेविकेने तत्काळ कबुली दिली आणि मुलीला सांभाळलं, मंडळाची शिस्त त्यात दिसली. अट एकच: त्या स्वयंसेविकेने यापुढे रसायनं हाताळू नयेत.

फोटोवाल्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, "अहो, शनिवार वाचला!" तर म्हणाले, "कुणाच्या जिवावर, ते बघा."

मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. चांगल्या बातमीला नाक मुरडायचंच.

१६ मार्च, रविवार

समारंभ झाला. मोठं सभागृह, मऊ खुर्च्या, पुढे परिषदेचे लोक. वेगवेगळ्या वस्त्यांतली मंडळं आली होती. एक आजी होत्या, त्या मुलांना साबण करायला शिकवतात. एक बसचालक, जो रविवारी बसस्टॉपवरच मुलांना जमवून प्रयोग दाखवतो. अशी माणसं बघून ऊर भरून आला. आपण एकटे वेडे नाही!

मला पितळी पाटी दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. बोललो. शेवटी बाईंबद्दल बोलणं मला माझं कर्तव्यच वाटलं. म्हटलं, "आमच्या एका सहकारी भगिनीच्या हातून चूक झाली. पण जो काम करतो तोच चुकतो. मंडळाने त्यांना केव्हाच माफ केलंय." टाळ्या पडल्या, खूप पडल्या.

घरी येताना फोटोवाले म्हणाले की बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मी म्हटलं, मग चहाला का नाही थांबल्या? ते रिक्षातून दुसरीकडे बघत बसले.

२० मार्च, गुरुवार

बाई दुसऱ्या गावी धाकट्या भावाकडे राहायला गेल्या. घराची किल्ली फोटोवाल्यांकडे ठेवून गेल्या, माझ्याकडे नाही. मला एक फोनसुद्धा नाही. एवढी माफी देऊनही माणसं रुसतात.

२९ मार्च, शनिवार

मान्यता मिळाल्यावरचा पहिला तास. शाळा दुसरी. अमोनियाला आता मीच नको म्हटलं. वासाचा धडा व्हिनेगरवर करायचं ठरवलं, आणि ओतायला फोटोवाले. ते म्हणाले, "आज मी पुढे उभा राहतो. तुम्ही मागे मुलांत बसा." बाकावर गुडघे मावेनात, पण बसलो, शेवटच्या रांगेत. इतक्या वर्षांत मी हा धडा पुढूनच बघितलाय, मुलांसारखा कधी केला नाही. मजा वाटली. डोळे मिटले.

बसलो. वास येण्याची वाट बघत बसलो. वर्ग एकदम शांत. कुणाची तरी चप्पल घासली. मनात म्हटलं, खोली मोठी आहे, वेळ लागणारच. पुढच्यांना आला असेल, आता मधल्यांना. बसून राहिलो. वाटलं, फोटोवाले ओतायचं विसरले की काय?

शेजारच्या मुलीने माझा शर्ट ओढला. "आजोबा, झोप लागली तुम्हाला?"

डोळे उघडले. सगळ्या वर्गाचे हात वर होते. पुढच्या रांगेतले दमून खाली आले होते. तिचा हात वर होता, माझ्या पलीकडच्या मुलाचा वर होता, दारात उभ्या असलेल्या शिपायाचासुद्धा वर होता. फोटोवाले पुढून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

म्हटलं, "हो गं बाळा, लागली झोप."

३० मार्च, रविवार

सूनबाईला म्हटलं, मी डोळे मिटतो, तू एकेक वस्तू नाकापुढे धर. तिने "कशाला बाबा" म्हटलं नाही. लवंग धरली, काही नाही. साबण, काही नाही. कॉफी. कापलेला कांदा, डोळ्यांना पाणी आलं म्हणून ओळखला, नाकाने नाही. रॉकेलचा बोळा धरला तेव्हा मी म्हटलं, "पाणी."

डोळे उघडले तर ती रडत होती.

"तुला माहीत होतं?"

"दूध करपलं तेव्हापासून. नर्सबाईंनाही कळलं होतं. त्या म्हणाल्या, एवढ्यात सांगू नका. नाक गेलं हे कळलं तर हा माणूस परत बाटलीला हात लावणार नाही, आणि शनिवार गेला तर माणूसही जाईल. म्हणाल्या, मी सांभाळते."

"आणि तू सांभाळू दिलंस?"

"तुम्ही शनिवारी सकाळी शीळ घालता, बाबा. एरवी घालत नाही."

मी खोलीत येऊन बसलो. म्हणजे ती बाटली मेलेली नव्हती. एकही बाटली मेलेली नव्हती. बाईंनी जेवढं पाणी घालून ठेवलं होतं, तेवढ्यावर मी विष ओतलं. आणि भरल्या सभागृहात त्यांना माफ केलं.

२ एप्रिल, बुधवार

परिषदेच्या कचेरीत गेलो. चिटणीस ओळखीचे हसले, चहा मागवला. मी चहा बाजूला ठेवून सगळं सांगितलं. बाटलीत कुणी ओतलं, का ओतलं, कुणी अंगावर घेतलं.

चिटणीस पेन फिरवत म्हणाले, "काका, मुलगी बरी आहे. बाई गावी गेल्या. तास चालू आहेत. हे सांगायला तुम्ही कशाला आलात?"

"खरं आहे म्हणून."

"खरं आहे हो. पण आता मी ऐकलं. ऐकल्यावर मला लिहावं लागेल. आणि लिहिलं की मान्यता राहत नाही."

"लिहा."

"घरी जाऊन विचार करा. मी आजचं ऐकलं नाही असं धरतो."

"धरू नका. एका बाईने तेच धरलं होतं, म्हणून इथवर आलो."

पाटी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. जड होती. उतरताना जिन्यात हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

मान्यता रद्द झाल्याचं परिषदेचं पत्र आलं. फोटोवाले आले. कपाटातल्या बाटल्या दोघांनी मिळून शाळेच्या प्रयोगशाळेला देऊन टाकल्या. त्यांनी प्रत्येक बाटली हुंगली आणि काय आहे ते मला सांगितलं, जसं आंधळ्याला रस्ता सांगतात.

मग म्हणाले, "रंगारी, झाकली मूठ होती. बाईने स्वतःच्या हाताने झाकली होती, स्वतःचं नाव खाली घालून. तुम्ही ती उघडून दाखवलीत. आता तिचं नावही गेलं होतं ते गेलंच, आणि ज्यासाठी गेलं तेही गेलं."

"नाव तर परत मिळालं! परिषदेने लिहून दिलंय की दोष त्यांचा नव्हता."

"तिने मागितलं होतं का?"

माझं तरी काय चुकलं? खरं बोललो की नाही? फोटोवाले जिना उतरले. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत.

६ एप्रिल, रविवार

बाईंना पत्र लिहिलं. पाठवण्याआधी इथे उतरवून ठेवतो.

नर्सबाई,

तुमचा रक्तदाब कसा आहे? माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणजे खालीच असायला हवा. भावाची प्रकृती? भावजयीची? फोटोवाल्यांचे गुडघे दुखतात. सूनबाईने परवा पाठीला पट्टा आणला. माझं नाक गेलं. ते तुम्हाला माझ्या आधीच माहीत होतं, त्यामुळे ही बातमी नाही.

मी परिषदेत जाऊन सगळं सांगून आलो. तुमच्यावरचा ठपका गेला. मान्यताही गेली. सभागृहात मी जे बोललो ते परत घेता येत नाही. त्या लोकांना पुन्हा गोळा करता आलं असतं तर केलं असतं. तुम्ही शेवटच्या रांगेतून उठून जाताना मला दिसला नाहीत, हे खरं. पण दिसला असतात तरी मी बोललोच असतो, हेही खरं, आणि ते मला जास्त लागतं.

फोटोवाले म्हणतात, तुम्ही जे राखलं ते मी खरं बोलून घालवलं. मला तसं वाटत नाही. पण मला जे वाटतं त्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही. तुम्हाला न विचारता मी ही दुसरी गोष्ट केली, हे आज लिहिताना लक्षात आलं. काल आलं नाही.

काल शनिवार होता. मी सकाळी तयार होऊन बसलो होतो. सूनबाईने डबाही भरून दिला. मी तो गच्चीवर बसून खाल्ला. चव नव्हती, पण संपवला.

परत या असं म्हणत नाही. यायला आता इथे काही उरलेलं नाही. रागावला असाल तर रागाचं लिहा. दोन ओळी लिहा, एक लिहा. मी बरोबर केलं की चूक, तुम्ही सांगाल ते धरीन. टपाल दुपारी येतं, तेव्हा मी खालीच असतो. उत्तर लवकर लिहा.

तुमचा,
दादा